अझेलिया जगली तर

कोल्हापूर
१५ नोव्हेंबर १९९७

चि. क्रांतीस,
सप्रेम जयभीम.

तुम्ही कुन्नूरला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. त्यावर चार ओळींपेक्षा जास्त मजकूर मावला असता. असो.

कामाचं लिहिते. दिवाळीच्या सुट्टीत तू इथं होतीस तेव्हा मी विचारलं, की तुझे अण्णासो दोन हजार साली रिटायर होणार, तर तुझ्या अर्ध्या प्लॉटवर पाया कधी घालायचा? तू चहाचा कप धरून बाहेर बघत म्हणालीस, "आक्का, माझी अझेलिया आणि माझे नेचे इथं जगले, तर येईन बघ." अण्णासो हसले. मी हसले नाही. ही अट आहे असं मी समजते.

हा प्लॉट आपण दोघींनी मिळून घेतला तो शेजारीशेजारी राहायचं म्हणून. माझं घर उभं राहून तीन वर्षं झाली. मधे कुंपण घातलेलं नाही. शाळा सुटली, हेडमास्तरीण म्हणून दिवसभर चाळीस माणसांशी बोलायची सवय, आता घरात मी आणि रेडिओ. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, तू लग्न करून त्या निलगिरीच्या डोंगरात गेलीस आणि वर्षातून एकदा पाहुण्यासारखी यायला लागलीस. आता पुरे झालं. म्हातारपणी तरी भिंतीला भिंत लावून राहू.

तेव्हा रोपं पाठव. अझेलिया म्हणजे तुझ्या क्वार्टरमागची ती कमरेएवढी झुडपं, फुलली की पान दिसत नाही, एवढंच मला आठवतं. माती कसली, पाणी किती, सावली कुठली, सगळं लिहून पाठव. घराच्या उत्तरेला फणसाखाली जागा नक्की केली आहे. कोल्हापुरात अझेलिया येत नाही असं लोक म्हणतात. कुणी नीट लावून पाहिली आहे का, असं विचारलं की विषय बदलतात.

तुझी
आक्का


कुन्नूर
२४ नोव्हेंबर १९९७

ती. आक्कास,
सविनय जयभीम.

अगं, मी ते सहज बोलले होते. तू एवढं मनावर घेशील असं वाटलं नाही. इथं मे महिन्यातही अंगावर शाल असते, माती मुळातच आंबट, धुकं दाराशी. तिकडं एप्रिलचं ऊन म्हणजे काय ते मला माहीत आहे. उगीच रोपांचे हाल आणि तुझेही.

तरीपण तू म्हणतेस म्हणून पाठवते. अण्णासोंच्या ऑफिसातला हंबीरराव शिरोळचा आहे, तो रजेवर निघालाय. त्याच्याबरोबर चार अझेलिया आणि सहा नेचे देते आहे. माती भुसभुशीत हवी, कुजलेला पाला भरपूर हवा. अझेलियाची मुळं वरवर असतात, म्हणून खोल पुरू नकोस. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं अजिबात नको. नेच्यांना ओल हवी, पण पाणी तुंबायला नको.

नाही जगली तर मनाला लावून घेऊ नकोस. प्रत्येक झाडाचं आपापलं गाव असतं.

तुझी
क्रांती


कोल्हापूर
१९ जानेवारी १९९८

चि. क्रांतीस,
सप्रेम जयभीम.

हंबीरराव रोपं देऊन गेला. मांडीवर ठेवून आणली म्हणाला. चहा न घेताच निघत होता, बसवून पाजला.

सगळी रोपं लावली. वाफ्याला कडेनं विटा तिरक्या लावून घेतल्या, शाळेच्या बागेत लावायची तशा. तुझ्या पत्रातली सूचना एकही सोडलेली नाही. पाला कुजवलेला, मुळं वर, सावली पक्की. सकाळी मी आणि संध्याकाळी धोंडुबाई, असं पाणी वाटून घेतलं आहे. धोंडुबाई म्हणजे माझ्याकडं धुण्याभांड्याला येते ती, तिच्या तोंडाला कुलूप नाही. परवा म्हणते, "बाई, हे झाड न्हाय, जावई हाय. ऊन सोसंना, पाणी जास्त सोसंना, खाली बसवलं तर रागावतंय." तेव्हापासून आमच्याकडं अझेलियाला जावई म्हणतात.

पलीकडचे विजयसिंह पाटील भिंतीवरून डोकावून म्हणाले, "मधाळे बाई, वर उसाचं पाचट पसरा. उसाला जे चालतंय ते समद्याला चालतंय." मी पसरलं. सल्ला बरा होता, पण तसं त्यांना सांगितलं नाही. नाहीतर रोज येतील.

तुझी बाजू रिकामी दिसते म्हणून मी आत्तापासून तुझ्या स्वयंपाकघराची दिशा ठरवून ठेवली आहे. खिडकी माझ्याकडं येईल.

आक्का


कोल्हापूर
५ जून १९९८

चि. क्रांतीस,

चारही गेल्या. सहा नेच्यांपैकी एकाला थोडा जीव आहे, बाकीच्यांची काडी झाली.

मला चीड कशाची येते सांगू? कुठंही हयगय झालेली नाही. ऊन लागू नये म्हणून मार्चमध्ये गोणपाट बांधलं. पाणी चुकलं नाही. जयंतीच्या आधी दरवर्षीप्रमाणं सगळं आवार साफ केलं, विटांना चुना, फणसाच्या बुंध्याला चुना-गेरू, वाळवी येऊ नये म्हणून उरलेल्या चुन्याची निवळी वाफ्याच्या कडेनं फिरवली. विहारातली माणसं मिरवणुकीआधी येऊन बघून गेली आणि म्हणाली, बाग असावी तर अशी. आणि त्यानंतर मे महिन्यात पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं, जुन्या वहीच्या कागदासारखं. मग टोकं जळाली. मग संपलं.

तीस वर्षं मुलींना शिकवलं. नापास होणारी मुलगी का नापास होते हे मला पहिल्या चाचणीतच कळायचं. हे झाड मला काहीच कळू देत नाही.

कारण कळव.

आक्का


कुन्नूर
१ जुलै १९९८

ती. आक्कास,

वाचून वाईट वाटलं. पण यात तुझं काही चुकलं नाही. उन्हाळाच तसा आहे. मी तुला म्हटलंच होतं, की हे झाड डोंगरातलं. पानं पिवळी पडली ती उष्म्यानंच असणार.

आता हा नाद सोडून दे. फणसाखाली क्रोटन लाव, रंग छान येतील. तुला एवढ्या उस्तवारीत बघून मला इथं बसवत नाही. अक्षताला दिवस गेले आहेत, लेकीजवळ राहायला हवं, त्यामुळं यंदा दिवाळीला येणं जमणार नाही. अण्णासो जयभीम सांगतात.

क्रांती


कोल्हापूर
१७ ऑगस्ट १९९८

चि. क्रांतीस,

अक्षताची बातमी वाचून फार बरं वाटलं. तिला लोहाच्या गोळ्या चुकवू नको म्हणावं.

क्रोटन लावणार नाही. क्रोटनसाठी तू येणार आहेस का?

मी गगनबावड्याला जाऊन आले. नेचे डोंगरातलेच असतात ना, मग आपल्याकडं काय डोंगर नाहीत? एसटीनं गेले. घाटाच्या वरच्या अंगाला पाऊस असा, की छत्रीचा काही उपयोग नाही. आणि कडेच्या दरडीवर नेचे बघशील तर कुणी न लावता, कुणी न विचारता, हातभर वाढलेले. मला राग आला त्यांचा. खालची तांबडी माती आणि कुजलेला पाला पोतंभर घेतला. येताना कंडक्टरनं अडवलं.

"हे पोतं कुणाचं? गळतंय की समदं!"

"माझं आहे. माती आहे."

"माती? कोल्हापुरात माती न्हाय व्हय?"

सगळी गाडी हसली. मागनं एक म्हातारा म्हणाला, "आरं, बाईंचं म्हायेर असंल हितलं, माती न्ह्याला आल्यात." कंडक्टर म्हणाला, "म्हायेर असू दे न्हायतर सासर, मातीचं तिकीट काढा." मी म्हटलं, लहान मुलाचं अर्धं काढतोस, तसं काढ, हीसुद्धा अजून लहानच आहे. तो तसाच पुढं गेला. तिकीट काढलं नाही. मी कधी विनोद करत नाही, त्यामुळं मला स्वतःलाच दोन दिवस अवघडल्यासारखं झालं.

थंडीत हंबीरराव पुन्हा येईल ना? या खेपेला तीन अझेलिया पाठव, नेचे मी घाटातले लावले आहेत.

आक्का


कुन्नूर
१२ डिसेंबर १९९८

ती. आक्कास,

तुझ्या हट्टापुढं काय बोलणार? तीन रोपं देते आहे. जरा मोठी निवडली आहेत.

अक्षताला मुलगा झाला. वजन चांगलं आहे, आवाज तुझ्यावर गेलाय. मी आजी झाले.

इकडं थंडी कडक आहे. मागच्या अंगणात मी नवा वाफा केला. तिथून खाली उतरायला अवघड जायचं, म्हणून अण्णासोंनी सुट्टीच्या दिवशी दगड आणून स्वतः पायऱ्या बांधल्या. हाताला फोड आले, पण रोज संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर बसून चहा घेतात. मला वाटतं त्यांना इथली हवा मानवली आहे.

क्रांती


कोल्हापूर
१८ मे १९९९

चि. क्रांतीस,

सरकारी क्वार्टरला अण्णासोंनी स्वतः पायऱ्या का बांधाव्यात? तुमचं खातं काय करतं? अर्ज करायला सांग. आणि एक वर्षासाठी कशाला एवढी यातायात? इथं येऊन बांधा म्हणावं, पायऱ्या लागतीलच.

आता मूळ मुद्दा. दोन मेल्या. तिसरी मरायला टेकली आहे. घाटातले नेचे पावसात फोफावले होते, तेही करपले. तीच लक्षणं. शिरा हिरव्या, पान पिवळं. पुन्हा तेच महिने.

मी थकले आहे, क्रांती. झाडानं थकले असं नाही. जे करायचं ते सगळं केल्यावरही होत नाही, याची मला सवय नाही. काल संध्याकाळी मी त्या वाफ्यापाशी उभी राहून झाडाला मोठ्यानं म्हणाले, "तुला पाहिजे तरी काय?" धोंडुबाई आतून ओ देऊन बाहेर आली.

सोबत फोटो पाठवते. विजयसिंहांच्या सुनेनं काढला आहे. नीट बघ आणि मला सांग, यात कुठं कमी आहे? कोल्हापुरातली कुणाची बाग एवढी नीटनेटकी असेल तर दाखव.

आक्का


कुन्नूर
२६ मे १९९९

आक्का,

चुना! अगं, विटा पांढऱ्या, कुंड्या पांढऱ्या, झाडाचा बुंधा पांढरा. वाफ्यातल्या मातीवरसुद्धा पांढरी साय दिसते आहे. अझेलियाचं चुन्याइतकं वैर कशाशी नाही. तिला आंबट माती लागते. चुन्यानं माती उलटी होते आणि तिला लोह घेता येत नाही, म्हणून पान पिवळं आणि शिरा हिरव्या. तू पहिल्या वर्षी लिहिलं होतंस, निवळी ओतली म्हणून, माझं लक्षच गेलं नाही.

आजच्या आज उरलेलं झाड उपट. मुळांची माती पावसाच्या पाण्यानं धू, पाऊस नसेल तर नळाच्या. बोअरचं पाणी त्याला थेंबभरही नको, त्यातही क्षार आहेत. गगनबावड्याची माती घाल, जुनी माती हातभर खोल काढून टाक. विटा काढ. काही पानं गळतील, घाबरू नकोस. वरून नवा फुटवा आला की समज वाचलं.

लगेच कर. पोस्टाची वेळ होत आली आहे, एवढंच लिहिते.

क्रांती


कोल्हापूर
११ जुलै १९९९

चि. क्रांतीस,

तुझं पत्र वाचून मी आधी रागावले. शाळेतल्या बागेच्या विटांना मी तीस वर्षं चुना लावून घेतला. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मुली ओळीनं बसून लावायच्या. शाळेतली जास्वंद कधी मेली नाही, मोगरा मेला नाही. मग म्हटलं, जास्वंदीचं जास्वंदीपाशी. विटा काढल्या. माती काढली. पुन्हा गगनबावडा, पुन्हा पोतं, नेचेही नवे. कंडक्टर तोच. म्हणाला, "आलं का मातीचं माणूस!"

वळचणीला पिंप लावून पावसाचं पाणी साठवते आहे. वाफा आता उकिरड्यासारखा दिसतो. कडा नाही, रेघ नाही, पाला इकडं तिकडं. सकाळी दार उघडलं की माझ्या डोळ्यांत खुपतो. पण फुटवा आला आहे. तांबूस आहे, करंगळीच्या नखाएवढा.

आक्का


कोल्हापूर
२१ एप्रिल २०००

चि. क्रांतीस,

यंदा जयंतीला गल्लीत माझी शोभा झाली. विहाराच्या कमिटीचा नागसेन आठवडाभर आधी आला. "बाई, समदी गल्ली पांढरी करून झाली. तुमच्या दारात अजून चुना न्हाय?"

म्हटलं, रस्त्याकडची बाजू लावते. आतून लावणार नाही.

"आतनं का न्हाय? दरसाल तुमचं आवार बघायला माणसं येत्यात."

"आत माझी बहीण येणार आहे," मी म्हटलं.

तो बिचारा काही समजला नाही. मला वेड लागलं असं वाटलं असणार, पण मान हलवून गेला. मिरवणुकीच्या दिवशी माणसं फाटकातून डोकावली आणि उकिरडा बघून पुढं गेली. मी दारात ताठ उभी होते.

झाड उभं आहे. पानं हिरवीगार. नेचे फणसाच्या खोडावर चढले आहेत. आता अण्णासो पुढच्या महिन्यात सुटतील. सामान कधी बांधता ते कळव. घर होईपर्यंत माझ्याकडं राहा, मागची खोली रंगवून घेतली आहे. रंगाच्या बादल्या रस्त्यावर ठेवल्या होत्या, आवारात आणू दिल्या नाहीत.

आक्का


कुन्नूर
६ जून २०००

ती. आक्कास,

अण्णासोंचा निरोपसमारंभ झाला. हारतुरे, भाषणं, एक भिंतीवरचं घड्याळ.

लगेच निघणं होणार नाही. अक्षता नोकरीला लागली आहे, नातू माझ्याकडं असतो. शिवाय इथली कामं आवरायची आहेत. बघू. झाड टिकलं याचा आनंद झाला, पण फूल येईपर्यंत काही खरं नसतं. कळी उमलायला तिला थंडी लागते आणि कोल्हापूरची थंडी ती केवढी.

क्रांती


कोल्हापूर
१६ फेब्रुवारी २००१

चि. क्रांतीस,

आली! अकरा फुलं. गुलाबी, आत जरा गडद ठिपके. मी मोजली, धोंडुबाईनं मोजली, विजयसिंहांनी भिंतीवरून मोजली आणि त्यांची बारा भरली, पण ती एक सुकलेली होती.

धोंडुबाईनं तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "आत्ता गं बया! जावई हसला की!" नागसेन आपल्या बायकोला घेऊन बघून गेला. कृषी कॉलेजातला एक मास्तर आला होता, म्हणाला, कोल्हापुरात मी पहिल्यांदाच पाहतोय. मी म्हटलं, नीट लावली की येते.

आता तुझी अट पुरी झाली. गवंडी एक मार्चला पाया खणायला घेतोय. दोरी बांधून झाली. फक्की मारायला लागला होता, ती मी मारू दिली नाही, पाऊस आला की चुना सगळा वाफ्यात. खिडकी माझ्याकडं ठेवायला सांगितली आहे. स्वयंपाकघराचा ओटा तुझ्या उंचीचा धरला आहे, तू माझ्यापेक्षा बुटकी.

कधी येता ते उलट टपाली कळव.

तुझी
आक्का


कुन्नूर
२२ फेब्रुवारी २००१

ती. आक्कास,

पाया खणू नकोस. हे आधी लिहिते, कारण बाकीचं वाचायला तुला वेळ लागेल. पत्र उशिरा पोचेल म्हणून विजयसिंहांच्या फोनवरही निरोप ठेवला आहे.

आम्ही इथं घर घेतलं आहे. आज नाही, अठ्ठ्याण्णव साली. अण्णासोंनी पायऱ्या बांधल्या त्या आमच्याच घराच्या. तू खात्याला नावं ठेवलीस तेव्हा अण्णासो म्हणाले, "आता तरी सांग की त्यांना." मी म्हटलं, झाडं मेली की विषय आपोआप संपेल. मग त्याच पाकिटातला फोटो हातात घेतला. ते झाड बघितलं आणि मला दुसरं काही सुचलंच नाही, एवढंच दिसलं की याला चुना बाधतोय. पत्र टाकून आले तर अण्णासो म्हणाले, "झालं! आता झाड जगणार आणि तू मरणार."

तू विचारशील, का? हवा नाही, आक्का. हवा मला कोल्हापूरचीही चालली असती.

त्या दिवाळीत मी अंघोळ करून टॉवेल दोरीवर टाकला. तू काही न बोलता तो उचलून दुसऱ्या दोरीवर टाकलास, अक्षताच्या देखत. माझ्या भाजीत तू येता जाता मीठ घालून गेलीस. माझ्या लेकीचं लग्न झालेलं आणि मी तुझ्या घरात दुपारी आडवं व्हायला भीत होते. तू नसतीस तर मी शिकले नसते, हे मी एक दिवस विसरलेले नाही. पण तुझ्या भिंतीला भिंत लावून राहिले तर मी पुन्हा आठवीतली होईन. इथं सकाळी उठल्यावर आज काय करायचं ते मी ठरवते. कधीकधी काहीच करत नाही.

तुला तोंडावर 'नाही' म्हणालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मला झाड पुढं करावंसं वाटलं. तू ते जगवशील असं वाटलं नव्हतं.

क्रांती


कोल्हापूर
९ एप्रिल २००१

चि. क्रांतीस,

गवंड्याला परत पाठवला. दोरी सोडली. विजयसिंहांनी निरोप अंगणात उभं राहून मोठ्यानं सांगितला, त्यामुळं सगळ्या गल्लीला माझ्या आधी कळलं.

राग किती आला ते लिहून संपणार नाही, म्हणून लिहीत नाही. तू सरळ 'येणार नाही' म्हणाली असतीस तर मी वर्षभर तुझ्याशी बोलले नसते. पण ओलं पोतं घेऊन एसटीत उभी राहिले नसते. बहीण येणार, बहीण येणार, असं सांगत फिरले नसते. धोंडुबाईनं परवा विचारलं, "धाकट्या बाई कवा येणार?" मी म्हटलं, "येणार नाही." दोन शब्द. ते बोलून मी आत जाऊन बसले. ती भांडी न आपटता घासून गेली, यावरून समज.

टॉवेलचं. ती दोरी नव्हती, गंजकी तार होती, डाग पडले असते. तसं बोलून दाखवायला हवं होतं की डाग पडू द्यायला हवे होते, हे माझं अजून ठरत नाही. मिठाचं. भाजीत मीठ नव्हतं.

घर घेतलंत ते चांगलं केलंत.

आता कामाचं. फुलं गळून गेली. फांद्या वेड्यावाकड्या वाढल्या आहेत. छाटायच्या की नाही? छाटायच्या तर कधी आणि कुठं? एवढ्याचंच उत्तर दे. बाकी काही लिहू नकोस, मला वाचवणार नाही.

आक्का


कुन्नूर
१७ एप्रिल २००१

ती. आक्कास,

आत्ताच छाट, पावसाळा लागायच्या आत. पुढच्या वर्षीच्या कळ्या ती पावसाळ्यातच धरते, उशिरा कापलंस तर त्या जातात. पानांचा झुपका असेल त्याच्या जरा वर काप. जुन्या लाकडाला हात लावू नकोस.

क्रांती


कोल्हापूर
४ मे २००१

चि. क्रांतीस,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. विचारलं तेवढंच लिहिलंस.

छाटली. धोंडुबाई म्हणाली, "जावयाची हजामत झाली." दोन फांद्या मी तुझं शेवटचं वाक्य वाचायच्या आत जुन्या लाकडापर्यंत कापल्या. त्या फुटतील का? नाही फुटल्या तर काय करायचं? खत आत्ता घालायचं की पाऊस पडल्यावर? नेच्यांची खालची पानं वाळली आहेत, ती काढायची की तशीच राहू द्यायची? मला काढावीशी वाटतात. तू सांगशील तसं करीन.

तुझ्या अर्ध्या प्लॉटचं. तो तुझा आहे. ठेव, वीक, कुणाला दे. काय करायचं ते तू कळव. मी काही सुचवणार नाही. सुचलंय पुष्कळ.

वळवाचे दोन पाऊस झाले आणि तिथं गवत माजलं आहे. विजयसिंह भिंतीवरून म्हणाले, "बाई, तुमच्या नजरेसमोर गवत? तब्येत बरी हाय न्हवं? माणूस लावून काढून टाकू काय?"

मी म्हटलं, जागा माझी नाही. विचारून सांगते.

आक्का